तडाख्याच्या जगांची स्टॉक मोजणी

गाद्यांच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरला सगळे नगभाऊ म्हणत. म्हणजे तोंडावर नगभाऊ आणि पाठीमागे नुसतं नग. कारण हा गृहस्थ कुठलीही गोष्ट नगात मोजायचा. गाद्या किती, तर तीनशे बारा नग. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण घरी पाहुणे आले तरी हा स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच सांगायचा, "चार नग आलेत. त्यातला एक लहान आहे." एकदा हे ऐकल्यापासून सासूबाई जावयावर रुसून होत्या, कारण त्या चार नगांपैकी एक त्यांचा सख्खा भाऊ होता.

तर या नगभाऊंच्या कारखान्यात गाद्या ठेवायला जागा पुरेना. मालकांनी पलीकडच्या रस्त्यावरची एक तीन मजली इमारत विकत घेतली. जुनं कपाट घेतलं की आतले हँगरही येतात, तशी इमारतीबरोबर दुसऱ्या मजल्यावरची एक कंपनीही आली. ती कॉमिक छापायची. मालकांनी जन्मात कॉमिक वाचलेलं नव्हतं, आणि आता या वयात सुरुवात करायचा त्यांचा विचारही नव्हता.

"नगभाऊ," ते म्हणाले, "वर जा आणि काय काय आहे ते मोजून आणा. मागणी असेल ते ठेवू, नसेल ते भंगारात. मला तिथे सिंगल गाद्या रचायच्यात."

नगभाऊ लेबलांचं बंडल आणि पेन घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. दोन मोठ्या खोल्या, भिंतीला लागून छतापर्यंत कपाटं, खिडकीशी एक उतरतं टेबल, आणि सगळीकडे शाईचा आणि जुन्या कागदाचा वास. माणसं दोनच. एक संपादकबाई, ज्यांचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा डोक्यावर होता. आणि उतरत्या टेबलाशी पाठीला पोक आलेले चित्रकार, ज्यांना छपाईवाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळे आजोबा म्हणत.

टेबलं, खुर्च्या, कपाटं, पंखे, कपबशा मोजून जेवायच्या सुट्टीच्या आत झाल्या. नगभाऊंनी कागदाखाली रेघ मारली आणि पेनाला टोपण लावलं.

"आणि जगं?" संपादकबाईंनी विचारलं.

"कसली जगं?"

"तडाख्याची. खरा माल तोच आहे. खुर्च्या काय, कुणाकडेही असतात."

तडाखा हा त्या कंपनीचा नायक. एका फटक्यात फुटतं धरण थोपवणारा, निळा अंगरखा पाठीवर सोडून उडणारा. त्याचं एक मूळ जग होतं. मग एक जग होतं ज्यात त्याला शक्ती मिळालीच नाही आणि तो लाँड्री चालवायचा. एक होतं ज्यात त्याचा हाडवैरी प्राध्यापक पोकळी हाच त्याचा मोठा भाऊ होता. एक होतं ज्यात माणसं उडायची आणि पक्षी बसस्टॉपवर उभे राहायचे. बाई सांगत गेल्या आणि नगभाऊ तोंड उघडं टाकून ऐकत राहिले.

"एकूण किती?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अगणित," बाई अभिमानाने म्हणाल्या.

नगभाऊंना कुणीतरी त्यांच्या वडिलांवरून बोलावं तसं झालं. "बाई," ते म्हणाले, "अगणित असं काही नसतं. मोजायचा कंटाळा असतो."

आणि त्यांनी पेनाचं टोपण परत काढलं.

पहिल्यांदा त्यांनी वजन करून पाहिलं. कारखान्यात कापूस मोजत नाहीत, तोलतात, तेव्हा जगांनाही तो उपाय लागू पडेल असं त्यांना वाटलं. हमाल लावून मोठा काटा वर आणला, कपाटातले सगळे जुने अंक त्यावर चढवले, आणि आकडाही आला. पण एका जगाचं वजन किती धरायचं हे कुणालाच सांगता येईना. लाँड्रीवालं जग आठ पानांचं होतं, मूळ जग चार कपाटांचं. काटा परत खाली गेला. हमाल जाताना काय म्हणाले ते नगभाऊंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग प्रश्न उरला, एक नग म्हणजे काय? गादीचं बरं असतं. चार कडा असतात, शिवण असते. जग कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं?

हे त्यांनी आजोबांना विचारलं. आजोबा ब्रश धुता धुता म्हणाले, "सोपं आहे. जिथे चूक झाली, तिथे."

"म्हणजे?"

"कंपनी काढली ती बाईंच्या वडिलांनी. त्यांचा नियम होता, कंपनी कधी चुकत नाही. एकदा निळी शाई संपली आणि मी तडाख्याचा अंगरखा हिरवा रंगवला. वाचकांची पत्रं आली, हे काय म्हणून. माफी मागायची सोडून थोरल्या साहेबांनी पुढच्या अंकात छापलं, की तो तडाखा वेगळा, ते जग वेगळं, तिथे अंगरखा हिरवाच असतो. वाचक खूश. तेव्हापासून हेच चाललंय."

आजोबांनी मग एकेक दाखवायला सुरुवात केली. तडाख्याच्या लग्नाच्या चित्रात पाहुण्यांच्या गर्दीत त्याचे वडील उभे होते, आणि ते तर तीन अंकांपूर्वी ज्वालामुखीत पडून गेलेले. झालं, एक जग. एका चौकटीत तडाख्याच्या हाताला सहा बोटं निघाली. दुसरं जग. छापखान्यात एक पान उलटं लागलं आणि सगळी माणसं डावखुरी झाली, शर्टाची बटणं दुसऱ्या बाजूला गेली, दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. तिसरं जग. आणि एकदा आजोबांनी चहाचा कप चुकून मूळ चित्रावर ठेवला. त्याचा गोल डाग अंकात छापून आला. वाचकांनी विचारलं, आकाशात हा तपकिरी चंद्र कसला?

"त्या चंद्रावर आता वस्ती आहे," आजोबा जरा ओशाळून म्हणाले. "सोळा अंक झाले."

नगभाऊंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चूक म्हटल्यावर काम त्यांच्या हातातलं होतं. कारखान्यात तिरकी शिवण, उसवलेली कड, डाग पडलेलं कापड शोधण्यात त्यांची उमर गेली होती. ते रोज सकाळी पलीकडच्या रस्त्यावर जाऊ लागले. एकेक अंक काढायचा, पहिल्या पानापासून वाचायचा, चूक सापडली की लेबल लावायचं. 'हिरवा अंगरखा. कारण: शाई. स्थिती: उत्तम.' 'सहा बोटं. कारण: घाई. स्थिती: वापरात.' 'वडील जिवंत. कारण: विसर. स्थिती: वडील पुढच्या अंकात परत गेले, तरी जग चालू.'

वाचायचे ते फक्त चुका शोधायला. पण माणूस चार कपाटं वाचतो तेव्हा मन कुठेतरी अडकतंच. एक दिवस ते घरी अंक घेऊन आले आणि ताटावर बसूनही मान वर करेनात.

"काय वाचताय एवढं?" बायकोने विचारलं.

"काम आहे."

सासूबाईंनी डोकावून पाहिलं. "जावईबापू, यात तर माणूस इमारत उचलतोय."

"एका हाताने," नगभाऊ म्हणाले, "आणि मागच्या पानावर तोच हात प्लास्टरमध्ये होता. म्हणून ते वेगळं जग आहे."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने डोळ्यांनीच 'राहू दे' केलं.

पण हा रोग अंगात भिनत चालला होता. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "इस्त्रीचे कपडे आणलेत का?" नगभाऊ साफ विसरले होते. तसं कबूल करायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एका जगात आणलेत."

"हो का?" बायको म्हणाली. "मग त्या जगात जाऊन जेवा."

आणि तिने खरंच ताट वाढलं नाही. बऱ्याच वेळाने सासूबाईंनाच दया आली.

एके दिवशी मोजणी पुरी झाली. चारशे अकरा नग. नगभाऊंचा ऊर भरून आला. पण मोजणी एकदा करून कागद पुढे सरकवणारा स्टोअरकीपर तो कसला? त्यांनी लेबलं पुन्हा पहिल्यापासून मोजली, तर भरली चारशे चौदा. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तीन नगांचा फरक! कारखान्यात तीन गाद्यांचा फरक आला असता तर त्यांनी अन्नाला हात लावला नसता.

ते घाम पुसत बाईंकडे गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, आकडा जुळत नाहीये. चूक झालेली दिसते."

चूक हा शब्द कानावर पडताच बाईंचा हात आपोआप पेनाकडे गेला. "चूक कसली?" त्या म्हणाल्या. "एका जगात चारशे अकरा जगं आहेत आणि एका जगात चारशे चौदा. कित्ती छान! आजोबा, ऐकलंत का?"

"अहो, पण..."

"आणि मोजणारा कोण, हाही प्रश्न आलाच," बाई बोलता बोलता लिहीत होत्या. "कुणीतरी या जगातून त्या जगात हिंडतोय आणि मोजतोय. का मोजतोय? कुणासाठी?"

"मालकांसाठी," नगभाऊ म्हणाले. पण बाईंना ते ऐकू गेलं नाही.

पुढच्या महिन्याच्या अंकाच्या मुखपृष्ठावर नवा खलनायक झळकला. मोजणीदार! काळा लांब कोट, हातात लेबलांचं बंडल, आणि नाक हुबेहूब नगभाऊंचं. ज्याला तो लेबल चिकटवेल ती वस्तू जागच्या जागी गोठायची. त्याने धबधब्याला लेबल लावलं, धबधबा थांबला. उडत्या तडाख्याच्या पाठीत लेबल मारलं आणि गडगडाटी हसून तो म्हणाला, "तू फक्त एक नग आहेस, तडाखा!"

अंक हातोहात संपला. परत छापावा लागला. कारखान्यात शिवणखात्यातल्या बायका नगभाऊंना पाहिलं की जागच्या जागी गोठून उभ्या राहायच्या आणि ते पुढे गेले की फिदीफिदी हसायच्या. नगभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते तरातरा दुसऱ्या मजल्यावर आले आणि अंक टेबलावर आपटला.

"हे काय आहे?"

"आवडलं नाही?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"नाक ठीक आहे. कोटाचंही काही म्हणत नाही. पण पेन डाव्या हातात दिलंय! मी उजव्या हाताने लिहितो. सगळा कारखाना बघतोय, लोक काय म्हणतील?"

बाईंचे डोळे चमकले. "म्हणजे उजव्या हाताचा मोजणीदार वेगळा! आजोबा, दोघांची गाठ घालून देऊ या."

चारशे पंधरा की सोळा, आता नगभाऊंनाही सांगता आलं नसतं. ते मुकाट्याने खाली बसले. आपण जितकं बोलू तितका माल वाढतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना गप्प बसणं जड गेलं.

घरी वेगळंच चाललं होतं. सासूबाईंचा रुसवा पार गेला होता. त्यांनी अंकाच्या पाच प्रती आणवल्या होत्या आणि भावालाही एक पाठवली होती. "जावयाने काहीतरी करून दाखवलं बाई शेवटी," त्या शेजारी सांगत फिरत. "धबधबा थांबवला!"

बायको मात्र फणफणत होती. जिन्यात शेजारीण तिला म्हणाली होती, "तुमच्या ह्यांचं लग्न झालेलं नाही म्हणे. अंकात तसं लिहिलंय, एकटाच राहतो, कुणी वाट पाहणारं नाही."

दुसऱ्या दिवशी बायको पर्स खांद्याला लावून तडक दुसऱ्या मजल्यावर. नगभाऊ कपाटाच्या शिडीवर होते, ते तिथेच थांबले.

"मोजणीदाराला बायको आहे," ती बाईंना म्हणाली. ओळख ना पाळख.

"अहो, खलनायकाला बायको नसते," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "एकटा असतो म्हणून तर तो असा होतो."

"एकटा माणूस लेबलं लावत हिंडत नाही. त्याला वेळच वेळ असतो, तो झोपतो. घरात कुणी ऐकून घ्यायला असलं की मग माणसाला एवढं सुचतं. आमच्या घरात डब्यांवर लेबलं आहेत. डब्यात काय आहे ते नाही लिहिलेलं, डबा कितवा ते लिहिलंय! साखर पाहिजे असेल तर मला अकरा नंबर लक्षात ठेवावा लागतो."

"अगं," शिडीवरून नगभाऊ म्हणाले.

"तुम्ही बोलू नका, खाली पडाल."

ती अर्धा तास बोलत होती. उतरत्या टेबलाशी आजोबा मान खाली घालून भराभरा चित्रं काढत होते. तिने चहा घेतला, आणखी थोडं बोलली आणि गेली. पुढच्या अंकात मोजणीदारीण आली. हातात पर्स, कपाळाला आठी. ती नुसती "एकदा तरी ऐका" म्हणाली की सगळ्या लेबलांचा डिंक सुटायचा. धबधबे परत वाहू लागायचे. तडाखा सुटून उडून जायचा आणि मोजणीदार खाली मान घालून तिच्या मागोमाग चालू लागायचा. वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. आता तर तडाखा अंकात नसला तरी चालेल असंही दोघा-तिघांनी लिहिलं.

आणि अशात मालकांचा निरोप आला. शनिवारी येतो, आकडा तयार ठेवा, भंगारवाल्यालाही सांगून ठेवलंय.

नगभाऊंनी हातातलं लेबलांचं बंडल खाली ठेवलं. आकडा तयार ठेवायचा, पण कुठला? दर आठवड्याला एक-दोन जगं वाढलेली असायची. त्यांनी रात्रभर विचार केला असेल नसेल, पण शुक्रवारी ते आले तेव्हा चेहरा मोजणीच्या दिवशी असायचा तसा करडा होता.

"उद्या आवक बंद," त्यांनी जाहीर केलं.

"म्हणजे?"

"मोजणीच्या दिवशी गोदामात माल येत नाही आणि जात नाही. दारं बंद. उद्या कुणी लिहायचं नाही, काढायचं नाही, छापायचं नाही. उद्याचा दिवस या कार्यालयात एकही चूक होता कामा नये."

बाई आणि आजोबा एकमेकांकडे पाहत राहिले. चुकल्याशिवाय दिवस कसा काढतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शनिवारी दोघं खुर्च्यांवर हात मांडीवर ठेवून बसली. नगभाऊंनी शाईच्या बाटल्या कुलपात टाकल्या आणि बाईंचं पेन स्वतःच्या खिशात लावलं. आजोबांना शिंक आली, तीही त्यांनी दाबली, कोण जाणे त्यातून काय निघेल म्हणून. नगभाऊ कपाटं उघडत, लेबलांवर बोट ठेवत, मोठ्याने मोजत चालले होते. दुपारी बायको आणि सासूबाई डबा घेऊन आल्या. त्यांनाही दारातच बजावलं, काही बोलू नका, बसा. दोघी भिंतीशी बसल्या. शेवटच्या लेबलावर बोट टेकलं. चारशे एकोणतीस. नगभाऊंनी दुसऱ्यांदा मोजलं. चारशे एकोणतीस. तिसऱ्यांदाही तेच भरलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.

तेवढ्यात मालक आले. "झालं का?" त्यांनी विचारलं, आणि नगभाऊ कागद पुढे करणार एवढ्यात मालकांची नजर टेबलावरच्या अंकावर गेली. त्यांनी तो उचलला, चाळला आणि म्हणाले, "हाच का तो? तुमचा धडाका?"

बाई आणि आजोबांनी चमकून वर पाहिलं.

"तडाखा, साहेब," नगभाऊ म्हणाले.

"तेच ते. धडाका."

"तेच ते नाही, साहेब. तडाखा. तुम्ही चुकलात."

हे वाक्य नोकरीत कुणी मालकांना म्हटलेलं नव्हतं. मालकांच्या भुवया वर गेल्या. बाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला, पेन नव्हतं, तशी त्यांनी आजोबांच्या खिशातली पेन्सिल ओढली. "साहेब चुकले नाहीत," त्या म्हणाल्या, "धडाका हा दुसऱ्या जगातला..."

"आज आवक बंद आहे!" नगभाऊंनी पेन्सिलीचं दुसरं टोक धरलं. दोघांची ओढाताण सुरू झाली.

"काय चाललंय काय हे?" मालक ओरडले.

आजोबांनी मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. चूक झाली आणि ती कबूल केली नाही, की नवं जग. कबूल केली, की काही नाही. तेव्हा साहेबांनी फक्त 'चुकलं' म्हणावं, चारशे एकोणतीसचा आकडा कायम राहील. नाहीतर मोजणी परत पहिल्यापासून.

"एवढंच ना?" मालक म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं. पण शब्द येईना. त्यांनी घसा खाकरला. परत तोंड उघडलं, मिटलं. चेहरा लाल झाला, मानेवरची शीर टरारून फुगली. बाईंनी पाणी दिलं. ते प्यायले, रुमालाने तोंड पुसलं आणि पुन्हा प्रयत्न केला. "चु..." एवढंच निघालं.

"हां, चु," सासूबाईंना राहवलं नाही. त्या उठून जवळ आल्या, लहान मुलाला औषध देताना बोलावं तशा बोलू लागल्या. "पुढे म्हणा. चुक... चुकलं. काही होत नाही. डोळे मिटून म्हणा."

मालकांनी खरंच डोळे मिटले. मग ते भिंतीकडे तोंड करून, कुणाला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "झालं असेल माझ्याकडून."

सगळ्यांनी श्वास सोडला. नगभाऊंनी मात्र मान हलवली. "'असेल' चालणार नाही. हो की नाही ते सांगा. मोजणीत 'असेल' लिहिता येत नाही."

"अहो, घ्या धरून," बायको भिंतीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली. "आमच्या घरी तर एवढंही मिळत नाही. मिळालं असतं तर मी केव्हाच धरलं असतं."

नगभाऊ तिच्याकडे वळले. बाई, आजोबा, सासूबाई आणि खुद्द मालकही त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांचे कान गरम झाले. त्यांनी हळूच पेन्सिल सोडली, खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी लिहिलं: 'एकूण चारशे एकोणतीस नग. मालकांचं "असेल" धरून.' मालकांनी त्याखाली सही केली.

"आता यातली भंगारात कुठली काढायची, साहेब?" नगभाऊंनी विचारलं. "लाँड्रीच्या जगाला मागणी नाही. सहा बोटांच्यालाही बेताचीच आहे. भंगारवाला खाली थांबलाय."

मालक खुर्चीत टेकले होते. ते कपाटांकडे पाहत राहिले. "समजा, काढलं एखादं," ते सावकाश म्हणाले, "आणि पुढे निघालं की ते काढायला नको होतं. मग?"

"मग तुमच्याकडून चूक झाली असं होईल."

"आणि मला पुन्हा ते म्हणावं लागेल?"

"नियमाने लागेल."

मालक ताडकन उठले. "एकालाही हात लावायचा नाही! सगळी आहेत तिथे राहू देत. सिंगल गाद्या तिसऱ्या मजल्यावर रचा." आणि ते जिना उतरून गेले ते पुन्हा दुसऱ्या मजल्यावर कधी आले नाहीत. भंगारवाल्याला त्यांनी जाता जाता रिकामी खोकी दिली म्हणतात.

सोमवारी आवक सुरू झाली. दुपारपर्यंत तीन जगं वाढली. नगभाऊंची बदली तिथेच कायम झाली, दिमतीला एक स्टूल आणि शिडी. शिवणखात्यातल्या बायकांनी त्यांना निरोप म्हणून एक उशी दिली, ती ते स्टुलावर ठेवतात.

तिथे रुळल्यावर एका दुपारी पुढच्या अंकाची पानं तपासताना नगभाऊंचं बोट एका चौकटीवर थांबलं. मोजणीदार आणि मोजणीदारीण रस्त्याने चालले होते आणि ती त्याच्याहून चांगली दोन बोटं उंच होती. ते तोंड उघडणार होते. पण बाई समोरच बसल्या होत्या, पेन हातात. आधी खात्री करून घ्यावी, मग बोलावं, असा त्यांनी विचार केला आणि पान घडी करून घरी आणलं.

"जरा उभी राहा," ते बायकोला म्हणाले. "पाठीला पाठ लाव."

"आता हे काय नवीन?"

"राहा तर."

स्वयंपाकघरात दोघं पाठीला पाठ लावून उभी राहिली. सासूबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी एक ताटली दोघांच्या डोक्यांवर आडवी धरली. ताटली नगभाऊंच्या बाजूला कलली. सासूबाईंनी ती काढून पुसली, परत ठेवली. परत कलली.

"दोन बोटं," सासूबाई म्हणाल्या.

"चपला काढ," नगभाऊ म्हणाले.

"चपला तुमच्या पायात आहेत," बायको म्हणाली. ती अनवाणीच होती.